रिपोर्ट नॉर्मल, तरी भोवळ येते: मग करायचं काय?

भोवळ येऊन पडणाऱ्या माणसाला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. पहिलं, "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत." आणि त्याच्या पाठोपाठ, "टेन्शन घेऊ नका." हे ऐकून माणूस घरी येतो, फाइल कपाटात ठेवतो आणि पुढच्या वेळी कुठे पडणार याची वाट बघत बसतो. पडणं थांबलेलं नसतं, आणि करायचं काय हे कोणी सांगितलेलं नसतं.

मी डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. सुई टोचली की समोरचा माणूस पांढराफटक पडतो, हे मला रोजच्या कामात दिसतं. आणि गेली काही वर्षं मला स्वतःलाही भोवळ येते. सुईने किंवा रक्ताने नाही. गर्दीत, उकाड्यात, बराच वेळ उभं राहिल्यावर, आणि त्यातही मनात काही धुमसत असेल तर. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की "हे शरीराचं की मनाचं" या वादात महिने घालवू नयेत. शरीराची तपासणी नीट करून घ्यायची, भीतीवरचे उपाय त्याच वेळी सुरू करायचे, आणि पडण्याआधीचं मिनिट ओळखायला शिकायचं. यातलं तिसरं सहसा कोणी शिकवत नाही, म्हणून मी त्यावरच जास्त लिहिणार आहे.

आधी धोक्याच्या खुणा

चिंतेचं नाव द्यायच्या आधी हृदयाची शंका फेडून घ्या. जिना चढताना, धावताना, व्यायाम करताना शुद्ध हरपली, आडवं पडलेलं असताना हरपली, कसलीही चाहूल न लागता माणूस एकदम कोसळला, पडण्याच्या आधी छातीत दुखलं किंवा धडधड झाली, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं आहे, आधीपासून हृदयाचा आजार आहे, गरोदरपण आहे, शौचाला काळी होते आहे, नवं औषध सुरू केल्यावर हे चालू झालं. यातली एक गोष्ट जरी लागू असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एका बाजूचा हातपाय लुळा वाटत असेल तर थेट 108 ला फोन करा.

जीभ कडेने चावली गेली, अंग बराच वेळ जोरजोरात झटके देत राहिलं, शुद्धीवर आल्यावरही माणूस खूप वेळ गोंधळलेला राहिला, तर डॉक्टर फिट्सच्या दिशेने तपासतील. मात्र साध्या भोवळीतही हातापायाला काही सेकंद झटके येऊ शकतात. माझ्या समोरच्या खुर्चीत ते मी पाहिलेले आहेत. सोबतचे लोक घाबरून "फिट आली, फिट आली" म्हणतात आणि माणसाच्या नावावर उगाच एक आजार चिकटतो. म्हणून झटके किती वेळ होते, चेहरा कसा दिसत होता, डोळे उघडे होते की मिटलेले, हे ज्याने पाहिलं त्याने डॉक्टरांना स्वतः सांगणं फार मोलाचं असतं. दुसऱ्यांदा असं झालं तर एकाने माणसाला सांभाळावं आणि दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. वाईट दिसेल म्हणून संकोच करू नये.

तपासण्यांपैकी ईसीजी प्रत्येकाचा व्हायलाच हवा. त्याच्या जोडीला हिमोग्लोबिन, साखर, आणि आडवं असतानाचं व उभं राहिल्यावरचं बीपी. हिमोग्लोबिनचं मी मुद्दाम सांगते. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका ॲनिमिक निघाल्या होत्या. माझ्या हातातून जाणाऱ्या नळ्यांमध्ये हे रोज दिसतं, आणि त्यातल्या कित्येकींना "तुला टेन्शन आहे" एवढंच सांगितलेलं असतं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होल्टर म्हणजे चोवीस तास अंगावर लावून ठेवायचा ईसीजी, मेंदूचा एमआरआय, हे सगळ्यांना लागत नाही. डॉक्टरांना शंका असेल तर ते सांगतील.

उभं राहिल्यावरच्या बीपीबद्दल मात्र तुम्ही स्वतः विचारा, कारण गर्दीच्या दवाखान्यात ते राहून जातं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्यायचं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्यायचं. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतं असा त्याचा अर्थ. काहींचं बीपी पडत नाही, पण उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी 30 किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते आणि खाली येत नाही. हा त्रास तीन महिन्यांहून जास्त टिकला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर पॉट्स नावाच्या आजाराचा विचार करतात. छाती धडधडते म्हणून हा त्रास असणाऱ्या मुलींना फार सहज "घाबरट" ठरवलं जातं. घरी डिजिटल मशीन असेल तर हे करून बघता येतं, पण शेजारी कोणीतरी उभं पाहिजे.

यातून उत्तर मिळालं नाही आणि पडणं चालूच राहिलं तर टिल्ट टेबल टेस्ट असते. 1986 साली लंडनच्या डॉक्टरांनी अशा न उलगडणाऱ्या भोवळीसाठी ती वापरून दाखवली. टेबलावर पट्ट्यांनी बांधून झोपवतात, ईसीजी आणि बीपी लावून ठेवतात आणि टेबल 60 ते 70 अंशात उभं करतात. मग वाट बघायची. ऐकायला भीती वाटते, पण तिथे भोवळ आली तरी माणूस बांधलेला असतो, डॉक्टर समोर असतात आणि टेबल लगेच आडवं करतात. त्या क्षणी बीपी आणि नाडी काय करतात ते कागदावर उमटतं, आणि वर्षानुवर्षांचं "काय होतंय" एकदाचं संपतं.

चिंता यात नेमकी कुठे येते

आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. एरवी शरीर पायाच्या शिरा आवळून आणि नाडी वाढवून ते वर ठेवतं. साध्या भोवळीत मज्जासंस्था उलटंच करते: शिरा सैल सोडते, नाडी मंद करते. इमारतीतल्या पंपाचा जोर कमी झाला की सगळ्यात आधी वरच्या मजल्याचा नळ कोरडा पडतो, तसं मेंदूचं होतं. माणूस आडवा झाला की रक्त पोचतं आणि शुद्ध येते, बहुतेक वेळा मिनिटाच्या आत. डॉक्टर याला व्हॅसोव्हेगल म्हणतात. उकाडा, उपाशी पोट, खूप वेळ उभं राहणं, वेदना, रक्त, सुई, मनाला बसलेला धक्का, ही त्याची नेहमीची निमित्तं.

गंमत अशी की भीतीच्या झटक्यात बीपी आणि नाडी वाढते, म्हणून नुसत्या पॅनिकने खरोखर शुद्ध हरपणं कमीच घडतं. "आता मी पडणार" असं वाटतं, पण माणूस पडत नाही. तिथे गरगरतं ते श्वासामुळे. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होऊन आखडतात. रक्त आणि सुईची भीती मात्र वेगळी. तिच्यात बीपी आधी चढतं आणि मग झपकन उतरतं. म्हणून सुईला घाबरणारा माणूस खरोखर कोसळतो.

आणखी एक प्रकार आहे ज्याबद्दल लोक कुजबुजतात. डोळे मिटलेले, माणूस पाच-दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त पडून, दिवसातून अनेकदा असं होतं, आणि त्या वेळी मोजलं तर बीपी-नाडी ठीक. यात मेंदूचं काम तात्पुरतं अडतं, मेंदूच्या रचनेत काही बिघडलेलं नसतं. हे नाटक नाही. त्या व्यक्तीच्या हातात ते नसतं. यावर मानसोपचाराने फरक पडतो, पण त्याआधी कोणीतरी तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो. "सोंग करते" हे शब्द घरात एकदा निघाले की उपचार तिथेच अडतात.

आणि बहुतेकांच्या बाबतीत, माझ्याही, चिंता उलट्या वाटेने येते. एकदा भर गर्दीत पडलं की पुढच्या वेळेची धास्ती बसते. त्या धास्तीने सकाळी घास उतरत नाही, वाटेत बाथरूम मिळणार नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, रात्री झोप लागत नाही, आणि लोकल गाडीत श्वास रोखून, गुडघे ताठ करून उभं राहिलं जातं. एवढं झाल्यावर भोवळ यायला वेगळं कारण लागत नाही.

नोंद

एक साधी वही ठेवा. डॉक्टरांना "अधूनमधून चक्कर येते" सांगण्यापेक्षा ही वही पुढे करणं कितीतरी बरं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

"सकाळी 8.40. गाडीत उभी, दिवा स्टेशनच्या पुढे. घाम, पंखा बंद. नाश्ता नाही, फक्त चहा. पाळीचा दुसरा दिवस. रात्री झोप कमी, मुलीच्या फीचा विषय डोक्यात. आधी दोन जांभया, मग तोंडात पाणी सुटलं, मान गरम. आवाज लांब गेले. खाली बसले. शुद्ध गेली नाही. नंतर तासभर गळून गेल्यासारखं."

अशा काही नोंदी झाल्या की चित्र आपोआप दिसायला लागतं. माझ्या वहीत चहावर काढलेली सकाळ जवळजवळ प्रत्येक पानावर होती, आणि मनातला घोर जवळजवळ निम्म्या पानांवर. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की पडायची. एकटा घोर मला पाडत नव्हता. हे डॉक्टरांनाही त्या वहीवरूनच कळलं.

ते एक मिनिट

सगळ्यांना चाहूल लागत नाही, पण साध्या भोवळीत बहुतेकांना लागते. ती दर माणसाची वेगळी असते आणि त्या माणसाची साधारण तीच राहते. खुर्चीत बसलेल्या माणसाचा मी आधी वरचा ओठ बघते. तिथे घामाचे बारीक थेंब येतात. मग तो बोलायचा थांबतो किंवा एका शब्दात उत्तर देतो. जांभई येते. ओठांचा रंग जातो. "मॅडम, जरा..." एवढंच म्हणतो. आतून काय वाटतं ते मी माझ्यावरून सांगते: पोटात ढवळतं, मानेला ऊब येते, डोळ्यांच्या कडा काळ्या होत आत सरकतात, माणसांचे आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखे होतात. तुमची पहिली खूण कोणती ते शोधून ठेवा. शेवटच्या खुणेपर्यंत थांबलात तर हातात पाच सेकंदही उरत नाहीत.

पहिली खूण दिसली की खाली बसा. रस्त्यावर, फलाटावर, लग्नाच्या रांगेत, कुठेही. जमत असेल तर आडवे व्हा आणि पाय वर घ्या. "अजून थोडं सहन करू, स्टेशन येईलच" हा विचार येतो. तो मानू नका. डोकं फुटतं ते उभ्याने पडल्यावर.

मळमळतं म्हणून माणूस बाथरूमकडे धावतो आणि आतून कडी लावतो. हे अजिबात करू नका. फरशी, नळ, कमोडची कड, पडताना डोकं आपटेल असंच सगळं असतं आणि दार आतून बंद. उलटी झाली तर होऊ दे, पण माणसांत बसा.

बसायला क्षणभर वेळ लागणार असेल तर तोवर स्नायू आवळा. उभ्याने पायांची कात्री करा, एक पाय दुसऱ्यावर टाकून मांड्या, पोट, नितंब घट्ट दाबून धरा. हातात रुमाल असेल तर मूठ जोरात वळा. किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून हात बाहेरच्या बाजूला ओढा. उकिडवं बसलं तरी चालतं. आपल्याला ती सवय आहे, आणि त्याने पायांतलं रक्त झटकन वर येतं. उठताना मात्र पाय आवळून हळू उठा. 2006 साली चाहूल लागणाऱ्या रुग्णांवर याचा नीट अभ्यास झाला. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला त्यांतल्या निम्म्यांना परत भोवळ आली. ज्यांना हे स्नायू आवळणं शिकवलं त्यांतल्या सुमारे 32 टक्क्यांना आली. गोळी नाही, खर्च नाही.

पण ऐन वेळी आठवायचं तर घरी सराव हवा. रक्त-सुईला घाबरणाऱ्यांसाठी स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1980 च्या दशकात जी पद्धत बसवली, ती मी लॅबमध्ये लोकांना सांगते. खुर्चीत बसून हात, पाय, पोट 10 ते 15 सेकंद आवळायचं, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग 20 ते 30 सेकंद नेहमीसारखं बसायचं, एकदम सैल पडायचं नाही. असं पाच वेळा. दिवसातून चार-पाच वेळा हे केलं की आठवडाभरात अंगवळणी पडतं. बीपी जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

श्वासाचं थोडं वेगळं आहे. मुंग्या येत आहेत, छाती धडधडते आहे, चेहरा तापलाय, अशी अवस्था असेल तर श्वास हळू करा: नाकाने थोडा आत, तोंडाने लांब बाहेर, फुंकर घातल्यासारखा. "खोल श्वास घ्या, खोल श्वास घ्या" म्हणणारे आजूबाजूला असतात. खोल घेतल्याने मुंग्या वाढतात. कागदी पिशवी तोंडाला लावायची नाही, आत दुसरं काही बिघडलेलं असेल तर ते धोक्याचं ठरतं. गार घाम, पांढरा चेहरा, गळून जाणं असेल तर आडवं होणं आधी. ओळखता आलं नाही तरी हरकत नाही. आधी बसा, मग दोन्ही करा.

एक वाक्य तोंडपाठ ठेवा. माझं आहे: "ताई, मला चक्कर येतेय, मी खाली बसतेय, जरा जागा द्या." बस. माफी नाही, खुलासा नाही. त्या अवस्थेत नवं वाक्य जुळवता येत नाही, म्हणून ते आधीच तयार हवं. लेडीज डब्यात हे म्हटल्यावर मला जागा मिळाली नाही असं झालेलं नाही. कोणीतरी पाण्याची बाटली काढतं, कोणीतरी पदराने वारा घालतं.

बरं वाटलं की लगेच उठू नका. दुसऱ्यांदा पडणं नेमकं इथेच होतं. दहा मिनिटं आडवं, मग काही वेळ बसून, मग आधार धरून उभं.

रोजचं

पाणी. दिवसाला दोन ते अडीच लिटर, आणि बराच वेळ उभं राहायचं असेल तर निघण्याआधी दोन ग्लास एकदम. रक्तदानाच्या आधी पाणी पाजतात ते याचसाठी. मीठ वाढवण्याचा सल्ला डॉक्टर काहींना देतात. ताकात, लिंबू सरबतात चिमूटभर जास्त. पण बीपी जास्त असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर हे विषासारखं आहे, म्हणून विचारल्याशिवाय नाही.

सकाळी काहीतरी खाऊन निघा, नुसता चहा नको. चतुर्थी आणि नवरात्राचे उपवास करणाऱ्या बायकांना माझी कळकळीची विनंती आहे की भोवळीचा त्रास चालू असेपर्यंत निर्जळी उपवास करू नका. देवाला फराळाचं चालतं, दूध चालतं, तर तुमचं पाणी का नाही चालणार?

अंघोळीचं पाणी कढत नको, आणि बंद बाथरूममध्ये वाफेत फार वेळ नको. रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसा. पुरुषांनी रात्री बसूनच लघवी करावी, कारण तिथे पडणारे बरेच असतात. बीपीच्या, प्रोस्टेटच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी उभं राहिल्यावर बीपी उतरतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा, पण स्वतःहून एकही बंद करू नका. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटर चालवू नका, स्टुलावर चढून पंखे पुसू नका, एकट्याने पोहायला जाऊ नका.

तपासणीसाठी रक्त देताना भोवळ येत असेल तर आम्ही सुई हातात घ्यायच्या आधीच सांगा. मी अशा माणसाला कोचवर झोपवते, ज्या हातातून रक्त घेणार तो सैल आणि बाकीचं अंग आवळायला सांगते, आणि नळीकडे बघू देत नाही. उपाशीपोटी तपासणी म्हणजे पाणीसुद्धा नाही, असं समजून कितीतरी जण कोरड्या घशाने येतात. साधं पाणी चालतं. भरपूर पिऊन या. शीरही लवकर सापडते. आणि एचबीए1सी या साखरेच्या तपासणीसाठी उपाशी राहायची मुळात गरज नसते.

घरच्यांसाठी

हा भाग वाचून दाखवा. माणूस पडला की त्याला आडवंच राहू द्या. खुर्चीत बसवून धरणं किंवा काखेत हात घालून उभं करणं हे सगळ्यात वाईट, त्याने मेंदूकडे रक्त पोचायला उशीर होतो. पाय फूटभर वर घ्या, गळ्याजवळची बटणं, कमरेचा पट्टा सैल करा, गर्दी मागे हटवा. उलटी येत असेल तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा फोडून नाकाशी धरणं, चप्पल हुंगवणं, हातात किल्ली देणं, दातांत चमचा घालणं, यातलं काही करू नका. घड्याळ बघा. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर 108. श्वास नीट चालत नसेल तर 108 ला फोन लावून छाती दाबायला सुरुवात करा.

आमच्याकडे सासूबाईंनी दृष्ट काढली होती. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मी शांत बसून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मला ईसीजीला घेऊन गेल्या. अशी दृष्ट काढायला माझी हरकत नाही. पण "बाहेरचं आहे" म्हणून डॉक्टर टाळून कुठे नेत असतील, मारझोड किंवा उपाशी ठेवणं होत असेल, तर ते थांबवायलाच हवं.

भीतीचं काय करायचं

पडायच्या भीतीने माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी गर्दीची गाडी, मग बाजार, मग देवळाची रांग, मग एकटीने बाहेर पडणंच. घरचे मायेने सोडायला-आणायला येतात आणि जग लहान होत जातं. टाळल्याने त्या दिवशी बरं वाटतं, आणि भीती आणखी पक्की होते.

उलट दिशेने पायऱ्या लावायच्या. मी डॉक्टरांनी हृदयाचं सगळं ठीक असल्याचं सांगितल्यावरच हे सुरू केलं. दुपारच्या रिकाम्या गाडीने डोंबिवली ते ठाकुर्ली, बसून, सोबत नणंद. मग तेच एकटीने. मग उभ्याने. मग दुसऱ्या बाजूला कोपर, दिवा, पुढे ठाण्यापर्यंत. शेवटी सकाळची गाडी. प्रत्येक पायरीवर घाबरायला होतंच. भीती आपोआप उतरेपर्यंत त्याच पायरीवर थांबायचं आणि मग पुढची. घाबरून मधेच उतरलात तर पुढच्या वेळी एक पायरी खालून सुरू करा, बंद करू नका. भोवळीची खरी चाहूल आली तर मात्र बसायचंच, ते भिऊन पळणं नव्हे.

हे समुपदेशकाच्या मदतीने केलं तर लवकर जमतं. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी या नावाने ते शिकवलं जातं. पैशांची किंवा कोणाला कळण्याची अडचण असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली तर "मी पडते" हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण काही गोळ्यांनी सुरुवातीला बीपी उतरतं आणि ते त्याप्रमाणे गोळी निवडतात.

एवढं करूनही कधीतरी भोवळ येईल. मलाही येते, आता बहुतेक वेळा खाली बसण्यावर निभावतं. तेवढ्यावरून "काहीच उपयोग झाला नाही" असं ठरवू नका. वहीत लिहा आणि पुढे चला. पण तुमची नेहमीची भोवळ बदलली, म्हणजे चाहूल यायची थांबली, बसलेलं किंवा झोपलेलं असताना आली, आधी धडधड व्हायला लागली, चालता-धावताना आली, पडून लागलं, किंवा पूर्वीपेक्षा खूप वारंवार यायला लागली, तर जुने रिपोर्ट नॉर्मल होते यावर विसंबू नका. वही आणि त्या जुन्या ईसीजीचा कागद घेऊन पुन्हा जा, आणि "आधीपेक्षा हे वेगळं आहे" हे वाक्य सगळ्यात आधी बोला.